डोंगर आधी सांगतो. ऐकायला माणूस नेमलाय का?

बीडच्या माणसानं बर्फाचा इतिहास कशाला वाचायचा, असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. आपल्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी, नाहीतर जत्रेतला गोळा. पण २०२५च्या सप्टेंबरातल्या पावसानं आपल्या कपिलधारवाडीत जमिनीला भेगा पडल्या, रस्ता खचला, घरांच्या भिंतींना तडे गेले आणि जिल्ह्यात पहिल्यांदाच लोक ‘माळीण’चं नाव दबक्या आवाजात घ्यायला लागले. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. डोंगर खाली यायच्या आधी कळतं का? कळत असेल तर कुणाला? आणि ज्याला कळतं, त्याच्या शब्दावर गाव रिकामं होतं का?

या तिन्ही प्रश्नांचा सगळ्यात चिकाटीनं पाठपुरावा केला तो बर्फाच्या मुलखातल्या लोकांनी. त्यात आपलं लष्करही आलं, आणि लष्करात आपल्या महाराष्ट्राची पोरं आली. म्हणून आज थोडं लांबचं, पण कामाचं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी बर्फ घसरतो कसा, ते समजून घेऊ.

डोंगरावरचा बर्फ हा एकसंध गोळा नसतो, ते थर असतात. डिसेंबरात पडलेला एक थर, वाऱ्यानं दाबून कडक झालेला दुसरा, मध्येच चार दिवस ऊन पडून वरची साय गोठलेली तिसरी. आणि कडक थंडीत, जमिनीजवळच्या बर्फाचे हळूहळू सुटे दाणे होतात, अगदी साखरेसारखे. मुठीत धरले तर गोळा होत नाही, बोटांतून गळतात. आता या साखरेवर दोन-तीन फूट नवा बर्फ येऊन बसला की झाली फरशी तयार. फरशी भक्कम दिसते, पण ती टेकलेली असते साखरेवर. वरून अजून बर्फ पडला, वाऱ्यानं दुसऱ्या बाजूचा बर्फ आणून टाकला, ऊन तापलं, किंवा एक माणूस नुसता त्यावरून चालला, तरी खालचा कच्चा थर बसतो आणि वरची फरशी तुकडे होऊन सुटते. असं बहुतेक वेळा साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा घसरत नाही आणि फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही.

हे ओळखायचं कसं? तर खड्डा खणून. जाणकार माणूस सुरक्षित जागी, तशाच उतारावर बर्फात खड्डा घेतो आणि खड्ड्याची भिंत वाचतो. प्रत्येक थरात आधी मूठ घालून बघायची. मूठ जात नसेल तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी चाकू. जिथं कडक थराच्या खाली एकदम मूठ आत जाते, तिथं धोका. मग बर्फाचा एक चौकोनी खांब कापून मोकळा करायचा, त्यावर फावडं ठेवायचं आणि हातानं थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब कुठं तुटतो, हे वहीत लिहायचं.

यात यंत्र कुठलंच नाही. फावडं, हात, डोळे आणि वही. आपल्याकडं विहीर पाडणारे जुने लोक हेच करतात की. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच एखादा लाल मातीचा पट्टा. कुठला थर ढासळेल आणि कुठं बांधकाम घ्यावं लागेल, ते त्यांना काठावर उभं राहून कळतं. बर्फवाल्यांनी हेच ज्ञान रोजच्या रोज लिहून ठेवलं, इतकाच फरक. पण त्याच फरकानं हजारो जीव वाचले.

आता इतिहास.

स्वित्झर्लंडमधल्या अँडरमाट गावानं १३९७ सालीच गावावरच्या उतारावरचं जंगल तोडायला बंदी घातली होती. झाडं बर्फ धरून ठेवतात, हे त्यांना सहाशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आपल्या सह्याद्रीतल्या देवराया आठवा. तिथं देवाचा धाक होता, इथं गावाचा ठराव होता.

पण गावाला ठाऊक असणं आणि वरच्या साहेबानं ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्या महायुद्धात आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया आणि इटलीचं सैन्य समोरासमोर बसलं होतं. मार्मोलाडा डोंगराच्या उताराखाली ऑस्ट्रियाच्या सैनिकांची लाकडी बराक होती. शत्रूच्या तोफांपासून आडोसा मिळावा म्हणून ती जागा निवडलेली. वर बर्फ वाढत चालला तसं तिथल्या कॅप्टननं वरिष्ठांना कळवलं, की ही जागा धोक्याची आहे, तळ हलवू द्या. परवानगी मिळाली नाही. १३ डिसेंबर १९१६ला पहाटे डोंगरावरचा बर्फ सुटला आणि अडीचशेहून जास्त सैनिक झोपेतच गाडले गेले. त्या हिवाळ्यात त्या आघाडीवर दोन्ही बाजूंचे मिळून हजारो सैनिक हिमस्खलनात गेले.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. धोका ओळखणारा माणूस तळावर हजर होता. त्यानं लेखी कळवलंही होतं. कमी पडली ती फक्त एक गोष्ट, त्याच्या निरीक्षणाला हुकमाची किंमत नव्हती.

पुढं स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वरच्या डोंगरावर, वाइसफ्लूयोख इथं, १९३६ साली बर्फाचा अभ्यास करणाऱ्यांनी मुक्काम ठोकला. बर्फाचा दाणा भिंगाखाली ठेवून बघणारी ही माणसं. दुसऱ्या महायुद्धात स्विस लष्करानं हिमस्खलनाचे इशारे काढायला सुरुवात केली आणि युद्ध संपल्यावर ते काम या संस्थेकडं आलं. तरी १९५०-५१च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक माणसं मेली, एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८. त्यानंतर त्यांनी उतारावर कुंपणासारखे अडसर बांधले, झाडं लावली आणि कुठं घर बांधायचं, कुठं नाही, याचे नकाशे केले. १९९३ साली युरोपातल्या देशांनी मिळून धोक्याची एकच पाच पायऱ्यांची मोजपट्टी ठरवली. एक म्हणजे कमी, पाच म्हणजे अतिधोका. आज तिथल्या माणसाला सकाळी ‘तीन’ म्हटलं की कळतं, आज कुठं जायचं आणि कुठं नाही.

आपल्या देशात हा विचार आला तो लष्करामुळं. १९६२च्या युद्धानंतर हिमालयात उंचावर बारमाही चौक्या आल्या, रस्ते आले, रस्त्यांवर मजूर आले. बर्फात माणसं जायला लागली. १९६९ साली मनालीत ‘स्नो अँड अ‍ॅव्हलांच स्टडी एस्टॅब्लिशमेंट’ ही संस्था उभी राहिली, लोक तिला ‘सासे’ म्हणतात. ती संरक्षण संशोधन संघटनेचा, म्हणजे डीआरडीओचा भाग. काश्मीरपासून हिमाचल-उत्तराखंडपर्यंत निरीक्षण केंद्रं उभी झाली. ताजा बर्फ किती, एकूण किती, वारा किती, तापमान किती, याची रोजची नोंद सुरू झाली आणि त्यावरून इशारे निघायला लागले. २०२०मध्ये ही संस्था दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन झाली आणि तिचं नाव ‘डिफेन्स जिओइन्फर्मॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट’, थोडक्यात ‘डीजीआरई’ झालं. मुख्यालय चंडीगड.

म्हणजे सगळं आलबेल झालं का? नाही. १९७९च्या मार्चमध्ये हिमाचलच्या लाहौलमध्ये हिमस्खलनांत दोनशेहून अधिक माणसं गेली. २००५च्या फेब्रुवारीत काश्मीरमधलं वालटेंगू नार हे गाव गाडलं गेलं, दीडशेहून अधिक मृत्यू.

आणि ३ फेब्रुवारी २०१६. सियाचिनवर साडेएकोणीस हजार फुटांच्या वर असलेल्या सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली. मद्रास रेजिमेंटच्या चौकीतले दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले, तेव्हा देशभर लोकांनी देव पाण्यात ठेवले होते. ११ फेब्रुवारीला ते गेले. त्या दहा जणांत एक आपला मराठी जवान होता, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी. नर्सिंग असिस्टंट होते, दुसऱ्यांची शुश्रूषा करणारे. माण म्हणजे आपल्यासारखाच दुष्काळी तालुका. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मुलखातलं पोर गोठलेल्या पाण्याखाली गेलं.

आमच्या भागातले एक निवृत्त सुभेदार आहेत. काश्मिरात उंचावर दोन हिवाळे काढलेले. मी त्यांना एकदा विचारलं, तिथं भीती कशाची वाटायची? ते म्हणाले, “गोळीची कमी, उनाची जास्त.” मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. ऊन चढलं की बर्फ सैल होतो. म्हणून जे काही चालायचं ते सूर्य उगवायच्या आत. धोक्याचा पट्टा ओलांडायचा तर एकेकानं. बाकीच्यांनी थांबून त्याच्याकडं बघत राहायचं, म्हणजे तो गाडला गेलाच तर शेवटचा कुठं दिसला ते कळतं. कारण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर तो जगण्याची शक्यता चांगली असते, अर्ध्या तासानंतर ती झपाट्यानं कमी होते. हेलिकॉप्टर यायची वाट बघत बसलं तर उशीर झालेला असतो, शेजारी उभा असलेलाच वाचवतो.

मग ते जे बोलले ते माझ्या जास्त लक्षात राहिलं. “वायरलेसवर ‘आज हालचाल बंद’ आलं की बंद. रेशन संपत आलेलं असो, सुट्टी मंजूर झालेली असो, मोठा साहेब येणार असो. बंद म्हणजे बंद. आणि त्या दिवशी बर्फ नाही आला तरी कुणी हसत नव्हतं.”

२८ फेब्रुवारी २०२५ला उत्तराखंडात माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या मजुरांचा तळ हिमस्खलनात सापडला. ५४ मजूर होते, ४६ वाचले, ८ गेले. इशारा आदल्याच दिवशी निघालेला होता. म्हणजे शास्त्र आलं, इशाराही आला, तरी कंटेनरात झोपलेल्या मजुरापर्यंत तो हुकूम होऊन पोचला नाही. मार्मोलाडाच्या घटनेनंतर १०८ वर्षांनी गाठ पुन्हा तिथंच अडकली.

आता हिमालयातून खाली आपल्या राज्यात येऊ.

आपल्याकडं बर्फाच्या जागी माती आणि पाणी आहे. २५-२६ जुलै २००५ला महाड परिसरात जुई, दासगावसारख्या गावांवर दरडी आल्या. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, १५१ माणसं. सकाळी नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. २२ जुलै २०२१ला महाडचं तळीये, ऐंशीहून अधिक. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी. तिथं वर जायला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं चढवता येईनात, हातानं माती उपसावी लागली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसं बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला.

इरशाळवाडीनंतर सरकारनं विधिमंडळात सांगितलं, की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे वाक्य नीट वाचा. यादी होती आणि वाडी त्यात नव्हती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४पासून देशभर दरडप्रवण भागांचे नकाशे करायचं मोठं काम हाती घेतलं, २०२४च्या जुलैत कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्रही सुरू केलं. चांगलं काम आहे, हवंच आहे. पण नकाशा आणि यादी ही एकदा करायची गोष्ट असते. बर्फवाल्यांनी शंभर वर्षांत शिकलेला धडा असा, की उतार रोज बदलतो, म्हणून तो रोज बघावा लागतो. काल सुरक्षित असलेली जागा आज नसते.

आणि बीड? आपण स्वतःला डोंगराचा जिल्हा समजतच नाही. पण बालाघाटची रांग जिल्ह्यातून आडवी गेलेली आहे. हे डोंगर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, एकावर एक थर साचून झालेले. दोन कठीण थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पट्टा असतो. रस्त्याच्या कटिंगमध्ये तुम्ही पाहिला असेल. वर झिजलेला मुरूम आणि माती. पाणी मुरत मुरत अशा कच्च्या थराशी येऊन थांबलं, की वरचं वजन वाढतं आणि खालची पकड सुटते. फरशी आणि साखर आठवली ना? कपिलधारवाडीत नेमकं काय झालं ते ठरवणं भूवैज्ञानिकांचं काम, त्यात मी पडत नाही. पण थरांचा डोंगर, मध्ये कच्चा थर आणि अचानक आलेला भार, हे गणित बर्फातलं आणि बालाघाटातलं एकाच जातीचं आहे.

भार अचानक येतो, हे आपलं खरं दुखणं. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. आपली घरं, आपले बांध, आपली सवय सगळी दुष्काळाची. पाऊस आला की आपण आधी आभाळाकडं हात जोडतो. आता तोच पाऊस चार दिवसांत महिन्याचा हिशोब चुकता करतो.

इथं एक आकडा बघा. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. प्रत्येक शेतकऱ्याला हा आकडा पाठ आहे, कारण पंचनामा आणि नुकसानभरपाई त्यावर ठरते. मंडळामंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, सकाळी सकाळी आकडे मोबाइलवर फिरतात. म्हणजे मोजणारं यंत्र आहे, मोजायची सवय आहे, आकड्याची ओढही आहे. फक्त तो आकडा आपण पीक गेल्यावर वापरतो. त्याच आकड्यावर डोंगराखालच्या वस्तीनं रात्री कुठं झोपायचं, हे ठरत नाही.

कायदा नाही असंही नाही. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि धोक्याच्या जागेवरून लोकांना हलवायचे अधिकार त्यांच्याकडं आहेत. पण रात्री दोन वाजता वाडीत भिंत करकरली तर जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत बातमी पोचून हुकूम खाली येईपर्यंत डोंगर थांबत नाही.

मग करायचं काय? कोट्यवधींच्या यंत्रांची वाट न बघता, बर्फवाल्यांच्या वहीतून चार गोष्टी उचलता येतात.

एक. डोंगराखालच्या प्रत्येक वस्तीत एक निरीक्षक नेमा, मानधन देऊन. गावातलाच, गुराखी असला तर उत्तमच, कारण त्याच्याइतका डोंगर कुणी बघत नाही. त्यानं काय बघायचं? जमिनीतली नवी भेग. भेगेच्या दोन बाजूंना खुंट ठोकायचे आणि रोज टेपनं अंतर मोजायचं. वाकलेले खांब, कललेली झाडं. एकाएकी घट्ट बसायला लागलेली दारं. नसलेल्या जागी फुटलेला झरा, किंवा नेहमीच्या झऱ्याला आलेलं गढूळ पाणी.

दोन. वस्तीचं स्वतःचं पर्जन्यमापक. मंडळाचं केंद्र दहा-बारा किलोमीटरवर असतं आणि ढग काही मंडळाची हद्द बघून फुटत नाही.

तीन. आकडा आधीच ठरवा. इतका पाऊस झाला, किंवा भेग इतकी रुंदावली, तर त्या रात्री वस्ती खाली. हे भूवैज्ञानिकांनी जागा बघून उन्हाळ्यातच ठरवायचं आणि तो हुकूम द्यायचा अधिकार आधीच लेखी गावात द्यायचा. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, कुणीही एक. पण एकच नाव, आणि त्याच्या मागं जिल्हा उभा.

चार. जनावरं. हे शहरातल्या साहेबांना कळत नाही. माणसाला शाळेत किंवा मंदिराच्या सभामंडपात जागा मिळते. दोन म्हशी आणि सहा शेळ्या सोडून बाई घर सोडत नाही, आणि तिचं बरोबर आहे, कारण तेच तिचं भांडवल आहे. छावणी कशी चालवायची हे बीड जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. दुष्काळात चालवल्या, तशा पावसात चालवता येतील.

यावर एक हरकत मला लोक नेहमी सांगतात. दोनदा उठवलं आणि काही झालं नाही, तर तिसऱ्यांदा कुणी उठणार नाही. हरकत खोटी नाही. पण त्यावर उत्तर इशारा बंद करणं हे नाही. युरोपातल्या त्या मोजपट्टीवर ‘तीन’चे दिवस हिवाळ्यात कितीतरी येतात, आणि त्यातल्या बहुतेक दिवशी त्या खोऱ्यात कुणीही मरत नाही. लोक त्याला खोटा इशारा म्हणत नाहीत, कारण आकडा कसा ठरला ते त्यांना उघड सांगितलेलं असतं. आपल्याकडं इशारा येतो तो ‘सतर्क राहा’ एवढाच. सतर्क राहायचं म्हणजे काय करायचं? जागं राहायचं? किती रात्री? माणूस तिसऱ्या रात्री झोपतोच.

आणि पुनर्वसन? ते तर हवंच. कपिलधारवाडीच्या लोकांना कायमची सुरक्षित जागा मिळाली पाहिजे, त्यात दुमत नाही. पण पुनर्वसन म्हणजे जागा, मोजणी, मंजुरी, निधी. माळीणचं नवं गाव उभं राहायलाही अडीच-तीन वर्षं गेली होती, आणि ते दीडशे माणसं गेल्यावर. मधल्या पावसाळ्यांत लोक राहणार कुठं? त्या रात्रींसाठी ही वही आणि हा निरीक्षक लागतो.

जिल्ह्यात डोंगराच्या कुशीत बसलेल्या वस्त्या, तांडे आणि वाड्या बऱ्याच आहेत. ज्यांच्या घरामागं उतार आहे त्यांनी जूनच्या आत एकदा वर चढून बघावं. भेग दिसली, झरा बदललेला दिसला, तर तारीख टाकून फोटो काढा, ग्रामसभेत ठराव घ्या, तहसीलदारांना लेखी द्या आणि अर्जावर पोच घ्यायला विसरू नका. पोच महत्त्वाची आहे. गावाला ठाऊक होतं आणि गावानं कळवलं होतं, हे कागदावर असलं की मग ‘यादीत नाव नव्हतं’ असं कुणाला म्हणता येत नाही.